काही त्रास नाही

१७ जुलै, बुधवार

गार्डाच्या नोकरीत रोज जर्नल भरावं लागे. गाडी कुठे उभी राहिली, का उभी राहिली, किती मिनिटं गेली. निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, सुटलो एकदाचा. आता पुन्हा वही घेऊन बसलो आहे, कारण बायकोशी बोलता येत नाहीत अशा गोष्टी मनात साठायला लागल्या आहेत आणि मराठीत मन मोकळं करावं असं तिच्याशिवाय झाशीच्या या नगरा मोहल्ल्यात माझं कोणी नाही. मिनिटं मात्र लिहिणार नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जे झालं ते आधी लिहून टाकतो. सकाळी डाळ वाटतानाच शकुंतलेच्या छातीत जळजळायला लागलं. तिने ओवा चावला आणि कामाला लागली. संध्याकाळी झाशीतल्या उरल्यासुरल्या मराठी बायका आल्या, गल्लीतल्या शेजारणी आल्या. डावा हात दुखत होता म्हणून हिने उजव्या हाताने पन्हं वाटलं. शेवटच्या सवाष्णीच्या ओटीत हरभरे घातले आणि मग गौरीपुढे बसली ती उठेचना. आल्यागेल्यासमोर आपलं दुखणं काढू नये, हे तिला गुरसरायला माहेरी शिकवलेलं. मी बाहेरच्या खोलीत बसून पन्हं पीत होतो. मला कोणी काही सांगितलं नाही.

डॉक्टर चैतन्यांनी रक्तवाहिनी उघडली, स्टेंट बसवला, जीव वाचवला. पण म्हणाले, "अंकलजी, हार्ट का आगे का हिस्सा तो जा चुका था." निरोगी माणसाचं हृदय जेवढं रक्त फेकतं त्याच्या निम्मंसुद्धा हिचं फेकत नाही. न्हाणीघरातून बाहेर आली की कॉटवर टेकते. मी विचारलं की म्हणते, "काही त्रास नाही."

२१ जुलै

देविकेचा पुण्याहून फोन. आमची एकुलती एक मुलगी अशा प्रयोगशाळेत काम करते जिथे हृदयाच्याच पेशी वाढवतात. याला योगायोग म्हणावं की काय, मला कळत नाही. इतकी वर्षं ती काय करते ते विचारलं की मी मान डोलवायचो आणि हवापाण्याचं विचारायचो. आज पहिल्यांदा कान देऊन ऐकलं.

तिने सांगितलं ते असं. कातडी खरचटली तर भरून येते, मोडलेलं हाड जुळतं, पण हृदयाचा मेलेला स्नायू परत येत नाही. तिथे नुसता व्रण धरतो. व्रण भोक पडू देत नाही, पण धडधडतही नाही. हिच्या लोकांनी काय केलंय, तर माणसाच्या मूळ पेशींपासून हृदयाचा ताजा स्नायू तयार केलाय. त्याची पातळ चकती त्या व्रणावर बसवायची. ती रुजली तर मेलेली जागा पुन्हा काम करू लागेल.

"रुजते का?" मी विचारलं.

"जनावरांमध्ये रुजली, बाबा. माणसांमध्ये अभी-अभी शुरू हुआ है. दिल्लीच्या एका हॉस्पिटलमध्ये."

मी लगेच म्हटलं, आईचं नाव घाल. तिने आईच्या गोळ्यांचं विचारलं.

३ ऑगस्ट

देविकेने फोनवर एक चित्रफीत पाठवली आहे. काचेच्या ताटलीत पाण्यासारखं काहीतरी, आणि त्यात गुलाबीसर पापुद्रा, कोणी हात न लावता उडतोय. शकुंतलेने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, "अगंबाई, लहान बाळाची टाळू उडते ना, तस्संच!" मग पुन्हा पाहिलं. मग शेजारच्या प्रियाला हाक मारून बोलावलं.

"देखो, ये हमारी देविका ने बनाया है."

"चाची, ये सचमुच का दिल है?"

"दिल का टुकड़ा है. अपने हाथ से बनाया है उसने."

दिवसभरात किती वेळा पाहिलं असेल! मोबाइलची बॅटरी संपली तेव्हा माझ्यावर चिडली, चार्जर कुठे ठेवलात म्हणून. दुखण्यानंतर तिला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मलाही वाटलं, हा पापुद्रा हिच्या छातीत बसला की संपलं, पुढच्या चैत्रात ही पुन्हा डाळ वाटेल.

११ ऑगस्ट

आज देविकेशी कडाक्याचं भांडण. ती म्हणते, पेशी बनवणाऱ्यांनी रोग्यांच्या निवडीत नाक खुपसायचं नाही, असा नियम आहे. घरच्या माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

"मला नियम शिकवू नकोस," मी म्हटलं. "मी आयुष्यभर नियमाने गाडी चालवली. पण माझी आई डब्यात असती तर मी गाडी थांबवली असती."

"नहीं थांबवली असती, बाबा. तुम्ही झूठ बोल रहे हो."

पुण्यात राहून तिचं मराठी सुधारलंय, पण राग आला की अशी खिचडी होते. आणि ती बरोबरच बोलत होती. नसती थांबवली.

शेवटी एवढं ठरलं की डॉक्टर चैतन्यांनी आपल्या नेहमीच्या वाटेने कागद पाठवायचे, तिने मध्ये पडायचं नाही. मला एकच सांगून ठेवलं: "तिथे विचारतील तेव्हा जे आहे ते खरं खरं सांगा. काही लपवू नका." साहेब लोक सगळीकडे हेच सांगतात.

२४ सप्टेंबर

पाय सुजतात. लघवीची गोळी वाढवली की उतरतात, मग चक्कर येते. उशा आता तीन झाल्या, खरं तर बसूनच झोपते. मोठ गावाहून नातेवाइकांनी भाजी पाठवली होती ती निवडायला बसली आणि निम्म्यातच सूप बाजूला सारलं. मी पुढे होऊन निवडायला घेतली. "तुम्ही अळ्यांसकट निवडता," म्हणाली आणि पुन्हा सूप ओढून घेतलं. माझं ऐकेल तर शपथ.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दिल्लीहून फोन आला! कागद पाहिले, नोव्हेंबरमध्ये तपासणीला या म्हणाले. मी तीनदा विचारलं, शकुंतलाच ना, नीलकंठ यांची पत्नी, झाशी? फोनवरची मुलगी हसायला लागली.

प्रियाच्या घरी पेढे दिले. शकुंतला म्हणाली, अजून घेतलं कुठे आहे. मी म्हटलं, बोलावलं म्हणजे अर्धं घेतलंच.

२६ ऑक्टोबर

आता तयारी. हे काम माझ्या हातचं आहे.

रेल्वेत रनिंगवाल्यांचं, म्हणजे गाडीवर जाणाऱ्या ड्रायव्हर-गार्डांचं, ठरावीक वर्षांनी मेडिकल होतं. नापास झालं की गाडीवरून उतरवतात आणि कुठेतरी टेबलाशी बसवतात. म्हणून आम्हा सगळ्यांना एकच मंत्र पाठ: डॉक्टरने काहीही विचारलं तरी "कोई तकलीफ़ नहीं, साहब." मेडिकलच्या आधी दोन दिवस आराम करायचा, मीठ-साखर बंद, आणि त्या दिवशी छाती काढून चालायचं. माझ्याच बॅचचा मारुती तेवढा साधा निघाला. डॉक्टर प्रेमाने म्हणाले, "डरो मत, बताओ," तर याने सांगून टाकलं की चढावर छातीत भरून येतं. त्याला पार्सल ऑफिसात बसवलं. गाडीशिवाय तो माणूस वाळत गेला. मी मात्र शेवटपर्यंत गाडीवर होतो, गुडघे कुरकुरत होते तरी.

हे मी शकुंतलेला समजावून सांगितलं. एवढी मोठी चीज, कुणाला बसवायची म्हटल्यावर ते चांगला, टिकणारा माणूसच पाहणार. रडतखडत गेलेल्याला कोण घेतं? तिथे त्रासाचा पाढा वाचायचा नाही. आणि एकदा बोललं की फिरवायचं नाही. फिरवलं की पक्कं नापास.

ती म्हणाली, "देविका तर म्हणते, सगळं सांगा."

"देविकेला मेडिकल काय ठाऊक!"

तिने मान हलवली, धड होही नाही आणि धड नाहीही नाही.

२ नोव्हेंबर

ऐन दिवाळीत मायलेकींचा फोन आज फार वेळ चालला. मी अंगणात दिव्यांच्या वाती काढत होतो, स्वयंपाकघरातून तुकडे कानावर आले. शकुंतला म्हणत होती, "मला स्पष्ट सांग, कसं असेल तर घेतात?" मग बराच वेळ नुसतं हूं, हूं. मग, "आणि तुझं काय?" मग आवाज चढवून, "वेडी आहेस का? इतकी वर्षं घातलीस त्यात." आणि शेवटी अगदी हळू, "नको, तू काही कळवू नकोस कोणाला. मी बघते."

मी आत गेलो तर डोळे पुसत होती. म्हणाली, फोडणीचा धूर गेला. मला वाटतं पुण्यात कुणी मुलगा पाहिला असावा पोरीने, आणि हिला पसंत नसावा. विचारलं तर म्हणते, "तुम्हाला ना, भलतंच सुचतं."

५ नोव्हेंबर

नवल! शकुंतला स्वतःहून म्हणाली, "तुम्ही सांगता तसंच बोलीन मी दिल्लीला." मी पुन्हा पुन्हा घोकून घेतलं, तर शहाण्या मुलीसारखी उत्तरं देत होती. सीढ़ी चढ़ने में? नहीं जी. सूजन? नहीं जी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पडद्याचा रंगसुद्धा कधी माझ्या सांगण्यावरून घेतला नाही हिने. जिवावर बेतलं की माणूस ऐकतं. मला बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. दिल्ली

धर्मशाळेच्या खोलीत बसून लिहितोय. शकुंतला पडली आहे. जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. समोरासमोर बसवून एकेक विचारत गेल्या. "माताजी, सीढ़ियाँ चढ़ने में साँस फूलती है?" "नहीं जी." "रात को कितने तकिये लगते हैं?" "एक." "पैरों में सूजन आती है?" शकुंतलेने पाय पुढे केले. काल गोळी जास्त दिली होती, पाय अगदी सडसडीत. मी मनात शाबास म्हटलं.

मग तिला लांबलचक कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. हातात निऱ्या धरून ती चालली. कुठेही थांबली नाही, भिंतीला हात लावला नाही. ओठ घट्ट मिटले होते आणि जरा निळसर दिसत होते, पण हसत होती. जाता येता मी हळूच मान डोलवत होतो.

संध्याकाळी पुन्हा आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा प्रसन्न. म्हणाल्या, हार्ट कमजोर जरूर आहे, पण माताजींना औषधांनी छान आराम आहे. या ऑपरेशनमध्ये छाती उघडावी लागते, पुढे जन्मभर कडक औषधं घ्यावी लागतात, काय होईल ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. म्हणून ज्यांना औषधाने काहीच आराम नाही, जे चार पावलं चालू शकत नाहीत, अशांनाच घेतो. "ये तो अच्छी ख़बर है, अंकल! इनको अभी ज़रूरत नहीं है."

मी उभाच राहिलो. म्हटलं, नाही मॅडम, हिला खूप त्रास आहे, बसून झोपते, न्हाणीघरापर्यंत जाववत नाही, मीच तिला सांगितलं होतं असं बोल म्हणून. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माताजी, ये क्या कह रहे हैं?"

शकुंतलेने पदर सारखा केला आणि हसली. "इनकी तो आदत है, बेटा. मैं छींक दूँ तो भी घबरा जाते हैं."

"आप कहें तो मैं दोबारा लिख लूँ? कोई बात नहीं, आराम से सोचकर बताइए."

"जो कहा है, वही लिखिए जी. मुझे कोई तकलीफ़ नहीं."

डॉक्टरीणबाई हसल्या. मला वाटलं होतं निदान थोडा संशय घेतील. पण रोग्याने स्वतः सांगितलेलं खरं, नवऱ्याचं काय! एप्रिलमध्ये पुन्हा दाखवा म्हणाल्या.

बाहेर येऊन बाकावर बसली ती बराच वेळ तिला बोलताच येईना. मी ओरडलो, सगळ्या लोकांत ओरडलो. अगं, मी कबूल करत होतो ना! गप्प तरी बसायचं होतंस! धाप जरा बसल्यावर म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतंत, एकदा बोललं की फिरवायचं नाही."



१५ नोव्हेंबर

ताज एक्स्प्रेसने परत. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. ती मात्र सुटल्यासारखी. आग्र्याला पेठा घ्यायला लावला, समोरच्या बाईला देविकेची ती चित्रफीत दाखवली, तिच्याशी पोरीच्या कामाविषयी बोलत राहिली. श्वास पुरत नव्हता तरी बोलत होती. कशी बाई आहे ही!

देविकेला काल फोन केला होता. म्हटलं, नाही घेतलं, बरी आहे म्हणाले. माझ्या शिकवणीचं सांगायचा धीर झाला नाही. ती एवढंच म्हणाली, "आई खुद बोली? काही त्रास नाही, असं?" मी हो म्हटलं. मग फोन कट. पुन्हा लावला तर उचलला नाही.

९ डिसेंबर

डॉक्टर चैतन्यांना सगळं खरं सांगितलं. डोक्याला हात लावला त्यांनी. दिल्लीला फोन केला, पत्र पाठवलं. ते लोक पुन्हा बघायला तयार आहेत, पण आता हिचे मूत्रपिंडाचे आकडे बिघडलेत. ते सुधारल्याशिवाय छाती उघडता येणार नाही. म्हणजे तेव्हा जरा जास्तच बरी होती आणि आता जरा जास्तच आजारी.

घरी येऊन तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "जाऊ द्या हो. मला नाहीतरी छाती फाडून घ्यायची नव्हती." इतक्या सहज म्हणाली की मला वाटलं समजूत काढतेय. मी रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, गॅस बंद केलात का?

१४ जानेवारी

संक्रांत. लाडू प्रियाने आणून दिले. शकुंतलेने पलंगावरूनच तिला कुंकू लावलं, तेवढ्यानेही धाप लागली. प्रिया बाहेर येऊन ओसरीत रडली. मला म्हणाली, "चाचाजी, दिल्ली वालों ने देखा नहीं क्या इन्हें?"



२ फेब्रुवारी

देविका रजा घेऊन आली आहे. दिवसभर आईचे पाय चेपते. मी खोलीत गेलो की दोघी बोलायच्या थांबतात. आज दारातून ऐकलं, शकुंतला विचारत होती, "आता कितव्या माणसाला बसवलं?" देविकेने काहीतरी सांगितलं. "चालतो का तो?" "चालतोय, आई. कानपूरचा आहे. परवा घरी गेला." शकुंतलेने डोळे मिटले. चेहरा असा झाला होता की जणू तोच तिच्या रक्ताचा कोणी. मला त्या कानपूरवाल्याचा राग आला. खरं लिहितो, त्या क्षणी तो मेला असता तरी मला काही वाटलं नसतं.

११ फेब्रुवारी

हॉस्पिटल. पाणी फुप्फुसात. देविका काल परत गेली होती, तिला बोलावून घेतलं आहे.

१३ फेब्रुवारी

दुपारी गेली. उन्हं खिडकीत होती. नर्सने विचारलं, "अम्माजी, कोई तकलीफ़?" तिने मान नाही म्हणून हलवली. थोड्या वेळाने गेली.

देविकेची गाडी भोपाळच्याही अलीकडे आली नव्हती.

२० फेब्रुवारी

काही लिहायचं नाही.

२३ फेब्रुवारी

पाठच्या दाराशी तिच्या चपला आहेत. माणसं येतात, त्या ओलांडून आत येतात. मी सरकवत नाही. देविकाही सरकवत नाही.

तिला कुणी म्हणालं, "तू तो डॉक्टर है ना बेटा, दिल की." ती उठून आत गेली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवस झाले. पाहुणे गेले. देविकेचं परतीचं तिकीट होतं, ते तिने रद्द केलं. कारण विचारलं तर म्हणे, नोकरी सोडली. साहेबांना पत्र लिहिलंय, उद्या पाठवते. पेशी, ताटल्या, चकत्या, आता काही बघवत नाही.

मी म्हटलं, "अगं, तू काय केलंस? तुझा काय दोष?"

तेव्हा तिने सांगितलं. ओट्याजवळच्या पाटावर बसून, लहान असताना बसायची तशी, गुडघ्यात तोंड घालून.

दिवाळीत आईने तिला फोनवर सरळ विचारलं होतं, कसं असेल तर घेतात? देविकेने सांगून टाकलं, खूप त्रास असेल तरच घेतात. आणि मग हेही सांगितलं की आईला घेतलं तर नियमाप्रमाणे हिला ते काम सोडावं लागेल, पुन्हा त्यात घेणार नाहीत. ती म्हणाली होती, "मी सोडते, आई. पत्र लिहून तयार आहे. तू बस सच बोल देना." आईने पत्र थांबवायला सांगितलं. मी बघते म्हणाली.

"तिने बघितलं, बाबा. मेरी नौकरी बचाने के लिए झूठ बोल आई. मी तिला ते सांगायला नको होतं. सांगितलं नसतं तर आज..."



मला आधी काय वाटलं ते लिहितो, मग इतर. मला सुटल्यासारखं वाटलं. नोव्हेंबरपासून मी स्वतःला खात होतो, की माझं ऐकून बायको गेली. तर ती माझं ऐकून बोललीच नव्हती. मी त्या डॉक्टरीणबाईंसमोर कबुली देत होतो आणि ही शांतपणे मला वेडा ठरवत होती, ते का, हे मला आज कळलं. ताजमध्ये पेठा का खात होती, तेही.

मग राग आला. मला का नाही सांगितलं? पण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला माहीत आहे. मी त्याच दिवशी पुण्याला जाऊन पोरीकडून ते पत्र देववलं असतं. शकुंतलेला हे माझ्याआधी माहीत होतं.

देविका रडत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि कळलं की आता हे हिच्याकडे गेलं. ही झाशीत राहील, माझी पोळीभाजी करील, आणि मी नोव्हेंबरपासून जे करत होतो ते ही पुढची पन्नास वर्षं करील. मग शकुंतला त्या कॉरिडॉरमध्ये चालली ती कशासाठी?

मी म्हटलं, "असं काही नाही. तुझ्या आईने मला सगळं सांगितलं होतं. ती तर हसत होती. म्हणाली, पोरगी हुशार आहे, दुसरं काम मिळेल तिला, मी आजारी आहे असंच सांगणार."

देविकेने मान वर केली.

"मीच दम भरला तिला," मी म्हटलं. "म्हटलं, खबरदार त्रास सांगितलास तर. रेल्वेच्या मेडिकलसारखं असेल असं वाटलं मला. तिच्याकडून घोकून घेतलं. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. प्रियाला विचार, मी आठवडाभर शिकवत होतो. तुझा काही संबंध नाही यात."

"आपने सिखाया था?"

"हो."

"आणि इतके महिने मला सांगितलं नाही?"

"धीर झाला नाही."

शिकवणीचं आणि हे शेवटचं खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटलं असेल. ती माझ्याकडे पाहत राहिली. आई गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत रडण्याशिवाय दुसरं काही दिसलं. मग उठली, आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

संध्याकाळी प्रियाकडे गेली होती. विचारून आली असणार. मी शिकवत होतो हे प्रिया सांगणारच, तिच्यासमोरच तर चाललेलं असायचं.

४ मार्च, मंगळवार

देविका आज झेलम एक्स्प्रेसने पुण्याला गेली. या चार दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलली. गोळ्या कुठे ठेवल्या, दूधवाला कधी येतो. ते पत्र तिने पाठवलं नाही, हे मला प्रियाकडून कळलं.

मी नको म्हणत असतानाही स्टेशनवर पोहोचवायला गेलो. बॅग मी उचलली, तिने काढून घेतली. एरवी निघताना वाकून नमस्कार करते, आज केला नाही. मी खिडकीपाशी उभा राहिलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "तिथे तो कानपूरचा माणूस... त्याचं कळवत जा." ती म्हणाली, "हां." मोबाइलवरून मान वर केली नाही.

गाडी सुटली. शेवटच्या डब्यातला गार्ड तरुण होता, मला ओळखत नव्हता. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत प्लॅटफॉर्मवर उभा होतो. तिने खिडकीतून मागे पाहिलं नाही.

रागावली आहे माझ्यावर, आणि बरेच दिवस राहील. फोनही करणार नाही बहुतेक. पण परवा सकाळी ती आपल्या कामावर असेल.